शेडमधले डॉक्टर

हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे गेली की इथे लंडनला संध्याकाळ अशी होतच नाही. दुपार चालू असते आणि मग एकदम काळोख. गेल्या रविवारी पिनर स्टेशनच्या बाहेर पडले तेव्हा पावसाने झोडपलेली पानं फुटपाथला चिकटून बसली होती आणि कोणाच्या तरी घरातून जळत्या लाकडाचा वास येत होता. त्या वासामागोमाग न्यूरी आलं. दर वर्षी येतं. ऑक्टोबरचा शेवट ते नाताळ एवढाच काळ ते माझ्याजवळ राहतं; बाकीच्या वर्षात मी त्या गावाचं नावही काढत नाही.

न्यूरी उत्तर आयर्लंडमध्ये आहे, बेलफास्टहून डब्लिनला जाताना वाटेत लागतं. युनायटेड किंगडम तिथे जवळजवळ संपतं. कागदोपत्री त्याला शहर केलं आहे, पण तिथली माणसं खरेदीला निघाली की अजून 'टाउनला चाललो' म्हणतात, आणि डोंगरांच्या मधल्या खोलगट जागेत बसलेलं ते खरं तर मोठं गावच आहे. ग्रॅनाइटचं, ओलं, करडं. मी तिथे एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होते. पुणं सोडून तिथे का गेले ते सांगण्यासारखं नाही. लांब जायचं होतं आणि ते लांब होतं.

भाड्याने खोली मिळाली ती कुमुदकाकूंकडे. काकू सांगलीच्या, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या. लग्न झाल्या झाल्या डॉक्टर नवऱ्यामागोमाग न्यूरीला आल्या आणि तिथेच राहिल्या. एकुलता मुलगा लंडनला. घर कालव्याच्या मागच्या गल्लीत, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या ओळीत होतं. मागे छोटं अंगण आणि अंगणाच्या भिंतीपलीकडे नदी. पहिल्या दिवशी काकूंनी मला घर दाखवलं. हा बॉयलर, ह्याच्याशी भांडायचं नाही. ही तुझी खोली, खिडकी उघडायची तर आधी खालून एक गुद्दा मारायचा. मग स्वयंपाकघराच्या दारातून मागे बोट करून म्हणाल्या, "आणि ती शेड. तिथे डॉक्टर आहेत."

मला वाटलं, काही सुतारकाम वगैरे करत असतील. मी म्हटलं, "त्यांना नंतर भेटते. आत्ता डिस्टर्ब नको."

काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "भेट की सावकाश. कुठे जातायत आता."

डॉक्टर आदल्या हिवाळ्यात गेले होते. बेलफास्टला नेऊन दहन केलं आणि अस्थी झाकणाच्या एका प्लास्टिकच्या बरणीत मिळाल्या. जिमला जाणारी मुलं प्रोटीन पावडरचा डबा आणतात, साधारण तशीच. अस्थी घरात घेत नाहीत, हे मला तोवर माहीत नव्हतं. मला बऱ्याच गोष्टी माहीत नव्हत्या. आमच्या घरी असले विषय इंग्रजीतून निघायचे आणि म्हणून अर्ध्यातच संपायचे. काकूंनी सांगितलं, सांगलीला असते तर कलश बाहेर झाडाला टांगला असता आणि लगेच नदीवर नेला असता. इथे त्यांनी आधी तो अंगणातल्या झाडाला बांधला. मग वारा सुटला, शेजारचं मांजर वर चढून बरणीला ढोसायला लागलं, म्हणून तो शेडमध्ये गेला. डॉक्टरांची सायकल ज्या हुकाला लटकत असे, त्याच हुकाला. बरणीच्या गळ्याभोवती त्यांचा मरून मफलर. काकूंनीच कधीतरी विणलेला, एका टोकाचे टाके उसवलेले.

"शेडचं छप्पर पत्र्याचं आहे ना," काकू म्हणाल्या. "गारठा फार."

घरात घ्यायचं नाही, हे ठरलेलं होतं. कुठे सोडायचं, हे ठरत नव्हतं. काकूंना अस्थी हरिपूरला न्यायच्या होत्या. सांगलीजवळ, जिथे कृष्णेला वारणा येऊन मिळते. त्यांच्या माहेरची सगळी माणसं तिथेच गेलेली. डॉक्टरांनी मात्र जिवंतपणी सांगून ठेवलं होतं, मला इथल्या नदीत सोड. काकूंचं हृदय अशक्त झाल्यामुळे त्यांना विमानाने लांब जायला मनाई होती, म्हणून हरिपूर होत नव्हतं. आणि इथल्या नदीत सोडायला त्यांचा हात उठत नव्हता. निम्म्याहून जास्त आयुष्य चाललेलं एक भांडण, एक जण गेल्यावरही, शेडमधल्या हुकाला लटकत राहिलं होतं.

"पाच वर्षांसाठी म्हणून आणलं होतं मला," काकू म्हणायच्या. "पाच वर्षांच्या हिशेबाने सामान बांधलं होतं मी. आता शेवटचा शब्दही ह्यांचाच का म्हणून?"

रोज सकाळी मात्र त्या चहा गाळून मागचं दार उघडत आणि शेडच्या दिशेने म्हणत, "चहा झाला हो." मग दार लावून एकट्याच पीत.

तो सगळा काळ माझ्या आठवणीत एकाच रंगाचा आहे. ऑफिसला जाताना दिवे लागलेले, परत येताना दिवे लागलेले. कालव्याच्या पाण्यात ते दिवे लांब होऊन थरथरत. हंस दिवसभर एकाच जागी, शेवाळात अडकलेल्या प्लास्टिकच्या बाटलीशेजारी. कोट वाळायचाच नाही. सकाळी अंगात घालताना कालचा पाऊस पाठीला लागायचा. ऑफिसातली मुलं चांगली होती, पण मला त्यांचं बोलणं उशिरा कळायचं, आणि कळेपर्यंत हसायची वेळ निघून गेलेली असायची. मी कमी बोलते. तिथे आणखी कमी बोलायला लागले. एखादा दिवस असा जायचा की घरी येऊन काकूंना 'आले हो' म्हणेपर्यंत माझा आवाज मीच ऐकलेला नसायचा.

शनिवारी आम्ही फिरायला जायचो. डॉक्टरांना त्या गावाचं भयंकर वेड होतं. भारतातून कोणी पाहुणा आला की ते त्याला एका ठरलेल्या वाटेने सगळं गाव दाखवून आणत, आणि काकू मागून पाय ओढत जात. डॉक्टर गेल्यावर काकू मला त्याच वाटेने न्यायला लागल्या. त्याच जागी थांबायच्या, डॉक्टरांचंच बोलणं बोलायच्या आणि मध्ये मध्ये स्वतःचं घालायच्या.

पहिला थांबा टाउन हॉल. तो नदीवर उभा आहे. काठावर म्हणत नाही मी. खाली कमानींचा पूल आणि पुलावर अख्खी दगडी इमारत. नदीचा एक काठ आर्मा काउंटीचा, दुसरा डाउनचा. इमारत कोणाच्या हद्दीत बांधायची यावर दोन्ही बाजू हटून बसल्या, शेवटी मधोमध बांधली, असं तिथे सांगतात. समुद्र जवळ असल्याने भरतीचं पाणी आत येतं. आम्ही कठड्याशी उभ्या राहायचो आणि खाली नदी उलटी चाललेली असायची.

"इथेच उभे होते हे," काकू म्हणाल्या. "म्हणाले, कुमुद, माझं इथे कर. ओहोटी बघून सोड, म्हणजे परत येणार नाही. मी म्हटलं, परत न जाणं तुम्हाला छानच जमतं."

तिथून कालवा. अठराव्या शतकात आतल्या भागातला कोळसा समुद्रापर्यंत आणायला तो खणला; टेकाडाचा चढ चढून उतरणारा असा कालवा ह्या बेटांवर पहिलाच, असं डॉक्टर प्रत्येक पाहुण्याला ऐकवत. कोळसा आला, गोदामं उभी राहिली, साखर, धान्य, ताग, सगळं आलं आणि सगळं गेलं. आता एकही मालवाहू होडी येत नाही. मग टेकडीवरचं जुनं चर्च, कलत्या थडग्यांचं. मग बाजारातलं कॅथीड्रल. काकू तिथे बाकावर बसून बूट काढत आणि पाय चोळत. "देव कोणाचाही असो, हीटर चांगला आहे," म्हणत.

आणि मग किल्ला. ह्या किल्ल्याची गोष्ट मला सगळ्यात जास्त आठवते. आधी तिथे मठ होता. मठाची जागा एका इंग्रज सरदाराला मिळाली आणि त्याने तिथे आपला किल्ला बांधला. कालांतराने किल्ल्याला इकडून तिकडून भिंती चिकटत गेल्या, मजले चढले, खिडक्या बुजल्या, आणि शेवटी ती सगळी जागा एक बेकरी झाली. किल्ला पडून गेला असं सगळे धरून चालले. बेकरी बंद पडल्यावर, अगदी आपल्या आठवणीतल्या काळात, भिंती तपासताना लक्षात आलं की किल्ला आतच आहे. माणसं इतकी वर्षं त्याच्या पोटात पीठ मळत होती.

"ह्यांनी किती पाव आणले असतील तिथून," काकू म्हणाल्या. त्या दिवशी तिथे आता असलेल्या संग्रहालयात आम्ही दोघीच होतो. त्यांनी हातमोजा काढून उघड्या दगडावर पंजा ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. "भट्टीची ऊब तरी मिळाली ह्याला."

घरी परतल्यावर त्या कोट न काढता मागच्या अंगणात गेल्या. शेडचं दार उघडल्याचा आवाज आला. खिडकीतून मला दिसलं, त्या मफलर सारखा करत होत्या.

शेडशेजारी यूचं झाड होतं, सुईसारख्या गडद पानांचं. न्यूरी हे नावच यूवरून पडलं आहे. जुन्या काळी एका संताने तिथे यू लावला होता आणि मठाला आग लागली तेव्हा तो जळाला, अशी कथा. डॉक्टरांनी नर्सरीतून रोप आणून मागे लावलं. काकूंना त्या जागी कढीलिंब हवा होता. कढीलिंब जगणार नाही म्हणाले डॉक्टर, आणि ते खरंच होतं. "पण हे काय झाड?" काकू चिडून म्हणायच्या. "इकडच्या सगळ्या स्मशानांत हेच. काळंकुट्ट. पक्षीसुद्धा विचार करून बसतो."

त्यांच्या रागाचं मूळ मला एका दुपारी कळलं. मी कणीक मळत होते आणि काकू माझ्या हातांकडे टक लावून बघत होत्या. मग सांगायला लागल्या. मुलगा लहान होता तेव्हाची गोष्ट. उत्तर आयर्लंडमधल्या यादवीची ती वर्षं; गावात स्फोट व्हायचे, डोंगरमाथ्यांवर सैनिकांचे मनोरे उभे होते, डॉक्टरांना घरी येताना चौकीवर गाडीतून उतरावं लागे. एकदा जवळच स्फोट झाला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीची काच आत आली. काकू मुलाला घेऊन दुसऱ्या खोलीत होत्या म्हणून वाचल्या. ओट्यावर परातीत मळलेली कणीक होती. तिच्यावर काचेचा चुरा, मीठ भुरभुरावं तसा.

"मी ती टाकली," काकू म्हणाल्या. "पण डब्यातल्या पिठाचं काय? झाकण उघडं होतं की बंद, आठवेना. सगळं पीठ फेकलं. नवीन आणलं. तरी पोराला घास भरवताना आधी मी चावून बघायचे. हे आले दवाखान्यातून. काही बोलले नाहीत. त्यांनी काय काय शिवलं असेल दिवसभर. मी बॅग भरून ठेवली होती. म्हणाले, जाऊ. हा हिवाळा संपू दे."

मी मळायची थांबले होते.

"दर हिवाळ्यात म्हणाले," काकू म्हणाल्या. "मळ ना. कोरडी होईल."

शेडमध्ये डॉक्टर होते ते रिवाज म्हणून की राग म्हणून, हा प्रश्न मला त्या दिवसापासून पडला. विचारण्याची माझी हिंमत झाली नाही.

पाऊस तिथे नेहमीचाच, पण त्या वर्षी तो थांबायचं विसरला. डोंगरांवरून ओहोळ रस्त्यांवर आले. कालवा काठोकाठ भरून नुसता तट्ट उभा राहिला, फुगलेल्या पोटासारखा. एका दुपारी कंपनीने आम्हाला लवकर घरी सोडलं. मी घरात शिरते तोच गल्लीच्या वरच्या टोकाला राहणारी मॉरीन मागोमाग आली. मॉरीन काकूंची सर्वांत जुनी मैत्रीण, एका शाळेत स्वयंपाक करून निवृत्त झालेली. तिथली माणसं प्रत्येक गोष्टीला 'वी' म्हणतात, म्हणजे इवलंसं. इवलासा चहा, इवलासा पाऊस. मॉरीन दारातून ओरडली, "कुमुद, इवलंसं पाणी येतंय. माझ्याकडे चल. आत्ताच्या आत्ता."

पाणी आधी अंगणातल्या गटाराच्या जाळीतून वर आलं. चहाच्या रंगाचं, शांत. मग भिंतीच्या फटीतून. काकू भराभर पिशवीत वस्तू टाकत होत्या. देव, गोळ्या, पासपोर्ट, स्वेटर, पोह्यांचा डबा. पुढच्या दारापर्यंत आलो आणि त्या थांबल्या.

"शेड."

मी मागे धावले. दाराला हात लावणार तोच बाहेर काहीतरी मोठं कोसळल्याचा आवाज झाला. अंगणाची नदीकडची भिंत गेली होती. खिडकीतून दिसलं, शेड एका अंगावर कलली, गुडघे टेकल्यासारखी, आणि पाण्याबरोबर सरकत गेली. दार उघडं, आत काळोख. मॉरीनने माझ्या दंडाला धरून मला मागे ओढलं. काकू माझ्यामागे उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं.

मॉरीनच्या घरी फायरप्लेससमोर बसल्यावर त्यांनी पिशवी उघडली आणि पोह्यांचा डबा मांडीवर घेतला. "पोहे घेतले मी," त्या मराठीत म्हणाल्या. मॉरीनला कळलं नाही, तरी तिने त्यांचा हात धरला.

"पोहे घेतले गं."

पाणी उतरल्यावर गावाला वास होता. डिझेल, गटार, कुजका पाला. दुकानांबाहेर भिजलेले गालिचे, फ्रिज, कपड्यांचे ढीग. माणसं फावड्याने गाळ ओढत होती आणि एकमेकांना चेष्टेने विचारत होती, "होडी कधी घेतोस?" टाउन हॉल जिथल्या तिथे होता. यूचं झाडही. त्याच्या बुंध्याला गाळाची रेघ, बाकी जसंच्या तसं. काकूंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी आत निघून गेले.

मॉरीनने गाडी काढली आणि आम्ही शोधायला निघालो. नदी पुढे कार्लिंगफर्डच्या खाडीला मिळते. खाडीचा उत्तरेकडचा काठ यूकेचा, दक्षिणेकडचा आयर्लंडचा. मॉरीन पेट्रोल भरायला, केस कापायला, कशालाही पलीकडे जाते. मला जाता येत नव्हतं. माझा व्हिसा यूकेचा. पलीकडच्यासाठी वेगळा लागतो. चौकी नाही, फाटक नाही, पाटीही धड नाही. पण बसमध्ये, ट्रेनमध्ये मध्येच पोलीस चढतात, आणि ते माझ्यासारख्या चेहऱ्यांपाशी थांबतात, हे ऑफिसातल्या प्रत्येक भारतीयाला पाठ होतं. डब्लिनची गाडी गावाबाहेरच्या उंच दगडी कमानींवरून जाताना मी फक्त खालून बघायची.

आम्ही काठाकाठाने दक्षिणेकडे गेलो. लव्हाळ्यात अडकलेलं काय काय दिसत होतं. फुटबॉल, खुर्ची, कोणाच्या तरी शेडचा दरवाजा, आमच्या नव्हे. एका वळणावर मॉरीनने गाडी थांबवली. "पुढे पलीकडचं सुरू होतं, लव्ह," ती मला म्हणाली. "नेमकं कुठे, ते मलाही सांगता यायचं नाही. रस्त्याच्या कडेची रेघ पिवळी झाली की समज."

मी उतरले. एका शेताच्या बुटक्या भिंतीला टेकून उभी राहिले. काकू काचेआडून माझ्याकडे बघत होत्या. गाडी पुढे गेली, थोड्या अंतरावर थांबली, दोघी उतरून काठाकडे गेल्या. मला त्या दिसत होत्या. काकूंची निळी टोपी, मॉरीनचा हात त्यांच्या कोपराखाली. काकू मध्येच वाकायच्या, काठीने लव्हाळी बाजूला करायच्या, पुन्हा सरळ व्हायच्या. मी हाक मारली असती तर ऐकू गेली असती, एवढंच अंतर होतं. ओहोटी चालू होती. पाणी कोणाला काही न विचारता इकडून तिकडे जात होतं.

बरणी मिळाली नाही.

मग लंडनहून निरंजन आला, काकूंचा मुलगा. जन्म न्यूरीचा, शाळा न्यूरीची, आता पिनरला स्वतःचं घर. बापासारखाच उंच. मराठी कळतं, बोलतो आपल्या पद्धतीने. गाळ भरलेल्या हॉलमध्ये उभा राहून म्हणाला, "आई, घर सगळी ओली झाली. तू इथे नाही राहू शकत. पिनरला चल. फुल स्टॉप."

"ह्यांना सोडल्याशिवाय मी कुठे येणार नाही."

निरंजन खाली बघत अगदी हळू म्हणाला, "बाबा गेला, आई. रिव्हरने नेला त्याला. त्याला तेच पाहिजे होती ना? सो इट्स डन."

"नेलं," काकू म्हणाल्या. "मी सोडलं नाही. नेणं वेगळं, सोडणं वेगळं."

त्याला ते कळलं नसावं. मला तरी कुठे पूर्ण कळलं होतं? पण त्यानंतर काकू घरात फिरायच्या आणि त्यांचे हात रिकामे दिसायचे. आपण कोणाचे हात रिकामे आहेत असं सहसा म्हणत नाही. त्यांचे होते.

दोन-चार दिवसांनी, निरंजन विम्याच्या माणसांशी बोलायला बाहेर गेला असताना, मॉरीन आली. तिच्या हातात चिखलाने कडक झालेलं काहीतरी होतं. टाउन हॉलखालच्या कमानीपाशी, लोखंडी जाळीत अडकलेलं साफसफाई करणाऱ्यांनी काढून कठड्यावर टाकलं होतं. तिने रंगावरून ओळखलं. मफलर. एका टोकाचे टाके उसवलेले. नदीने तो डॉक्टरांनी सांगितलेल्या जागेपलीकडे नेलाच नव्हता.

काकूंनी हात पुढे केले, मग मागे घेतले. "आत नको आणूस," त्या मॉरीनला इंग्रजीत म्हणाल्या. "प्लीज, मॉरीन. आत नको." अस्थींना लागलेली वस्तू. त्या स्वतः पुढे होऊन अंगणात गेल्या, बाहेरच्या नळाखाली मफलर धुतला आणि यूच्या फांदीवर टाकला. चिखलाचं पाणी झाडाच्या बुंध्याशी ठिबकत राहिलं.

"चहा झाला हो," त्या सवयीने म्हणाल्या. मग तोंडावर पदर धरला.

त्यांना पिनरला नेलं तेव्हा मफलर प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात. निरंजनला त्या काही बोलल्या नाहीत. मला डोळ्यांनी सांगितलं, तूही बोलू नकोस. न बोलणं मला सोपंच होतं. ते घर विकलं गेलं. मी त्याच गावात दुसरी खोली बघितली, आणि पुढे लंडनमध्ये हाउन्सलोला नोकरी मिळाल्यावर न्यूरी सोडलं. निघताना टाउन हॉलवर थांबले नाही.

आता एखाद्या रविवारी मी पिनरला जाते. निरंजनचं घर उबदार आहे, इतकं की गेल्या गेल्या डोळे जड होतात. काकूंना वरची खोली दिली आहे, त्यांचं सगळं वेळच्या वेळी होतं. पण त्या फिरायला जात नाहीत. एकदा मी विचारलं, जवळपास काही जुनं आहे का बघण्यासारखं? म्हणाल्या, "असेल. कोण सांगणार?" मागच्या दाराबाहेर, पन्हळीखाली, कपडे वाळत घालायची दोरी आहे. तिच्यावर दोन चिमट्यांनी मफलर लावलेला. सूनबाईंनी एकदा विचारलं होतं, मम, हा धुऊन आत ठेवू का? काकू म्हणाल्या, राहू दे. मग कोणी विचारलं नाही. ऊन, पाऊस, बर्फ. मरून रंग जाऊन त्याचा विटकरी झाला. मी गेले की आधी तिकडे नजर टाकते, आणि काकू माझ्याकडे बघतात. एवढंच आमचं त्या विषयावरचं बोलणं.

गेल्या रविवारी बेल वाजवली तर दार निरंजनने उघडलं, आणि मफलर त्याच्या गळ्यात होता.

मी पायपुसण्यावर तशीच उभी राहिले.

"ये ये. आई वर झोपली आहे. काय झालं?" त्याने माझी नजर पाहिली आणि मफलरला हात लावला. "हां, हे? बाबाची मफलर. सकाळी बिन बाहेर ठेवायला गेलो तर विंडने अर्धी खाली लटकत होती. मी म्हटलं, हे इतके वर्ष बाहेर का? रेडिएटरवर टाकली. बघ, मस्त आहे अजून."

त्याला सांगायला हवं होतं, की काढ, की त्या खाली यायच्या आत बाहेर ठेवून ये. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. पण तो त्या मफलरमध्ये हनुवटी खुपसून उभा होता, आणि मला पहिल्यांदाच दिसलं की त्याचेही वडील गेले आहेत. सगळ्यांनी त्याला इतकं काही विचारलं होतं, विमा, घर, आईची औषधं. हे कोणी विचारलं नव्हतं.

जिन्यावर पावलं वाजली. काकू कठडा धरून एक एक पायरी उतरत होत्या. अर्ध्यावर त्या थांबल्या.

स्वयंपाकघरातला बॉयलर गुरगुरत होता. पाऊस तिरका खिडकीवर येत होता.

"कुठून आणलास?" काकूंनी विचारलं.

"बाहेरून. रात्रभर पाऊस होती ना."

"घरात आणलास?"

"मग कुठे आणू, आई?" निरंजन हसला. मग त्यांचा चेहरा बघून त्याचं हसू गेलं. "काय झालं? नको होतं का? मी काढू?"

त्याने गाठ सोडायला हात वर नेले. काकू उरलेल्या पायऱ्या उतरल्या आणि त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. त्याच्या छातीपर्यंतच येतात त्या. त्यांनी उसवलेलं टोक हातात घेतलं, चिमटीत धरून चोळलं, जसं कापड घेताना बघतात तसं. रेडिएटरवरून काढलेलं ते अजून गरम असणार. त्यांनी तळवा त्याच्यावर ठेवला आणि तसाच ठेवला. किल्ल्यातल्या दगडावर ठेवला होता तसा.

मला वाटलं त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. फार दमलेल्या दिसल्या, लांबून चालत आल्यासारख्या.

"सोडायचं राहिलंच शेवटी," त्या म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या, माहीत नाही.

"काय सोडायचं?" निरंजन म्हणाला. "आई? काढू का मी?"

"राहू दे." त्यांनी टोक त्याच्या खांद्यावरून मागे टाकलं आणि छातीवर थोपटलं. "राहू दे आता. गारठा फार आहे बाहेर." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चहा टाक गं."

मी स्वयंपाकघरात गेले. निरंजन सकाळी आत येताना मागचं दार नीट लावायला विसरला होता; ते वाऱ्याने हलत होतं आणि फरशीवर पाण्याचा ओघळ आत आला होता. बाहेर दोरीवर नुसते दोन चिमटे. मी दार ओढून घेतलं आणि कडी घातली.